सदूकाकासाठी काढलेल्या वह्या

आमच्या घरी चुलीवर सरस शिजायला लागला की माय नाकाला पदर लावून मागच्या अंगणात जाऊन बसायची. "या घरात मानसानं जेवावं का नाही?" असं ती दरवर्षी एकदा तरी विचारायची, आणि बाबा डेगचीतलं ते घट्ट पाणी ढवळत दरवर्षी तेच सांगायचे, "चार दिवस काढ ना बाप्पा. सरस नसन तं राजवाडा कापडावर टिकन कसा?" मोहाडीतलं आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत माग, त्याच्या खटक्यावर आम्ही झोपायचो, उठायचो, पाढे पाठ करायचो. माग थांबला की उलट जाग यायची. दसऱ्याच्या आधी मात्र तो थांबायचाच, कारण तेव्हा बाबा विणकराचे पेंटर व्हायचे. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांचे पडदे बाबा रंगवत. मांजरपाटाचं कापड अंगणभर पसरायचं, एरवी मागाच्या ताण्याला लागते तीच भाताची खळ त्याला लावायची, ती वाळली की पावडरचे रंग सरसात कालवायचे, आणि मग राजवाडा, जंगल, गरिबाची झोपडी, तुरुंग असं एकेक उभं राहायचं. मी आणि माझा भाऊ जंगलाच्या काठावर बसून तांदळाची भाकर आणि लाखोरीची भाजी खायचो. एकदा माझ्या हातून भाजीचा ओघळ तुरुंगाच्या भिंतीवर गेला. बाबांनी तिथे एका कैद्याची सावली रंगवली. ते नाटक पाहणाऱ्यांना ती सावली फार आवडली म्हणे.

पडदे रंगवणं हे अर्धंच काम. नाटक चालू असताना ते वेळेवर पाडायचे आणि उचलायचे, हे दुसरं अर्धं, आणि ते काम आंबागडच्या सदूकाकाचं. सदूकाका उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायचा आणि हिवाळ्यात आमच्या पडद्यांच्या दोऱ्या ओढायचा. उंच, काटकुळा, तोंडात कायम काहीतरी चघळणारा माणूस. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. नाटकाच्या संहितेचा त्याला उपयोग शून्य. तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी वह्या काढल्या. जुन्या कॅलेंडरांची कोरी बाजू घ्यायची, पानं सारखी कापायची, मागावरच्या उरलेल्या कोशाच्या रेशमी धाग्याने मधोमध शिवायची. प्रत्येक पानावर सहा चौकटी, आणि चौकटीत चित्र. पडदा पाडायच्या अगदी आधी रंगमंचावर जे दिसणार तेवढंच चित्र: सुनेच्या हातातून निसटलेला तांब्या, पाटलाची वर गेलेली काठी, पाठ फिरवून चाललेला भाऊ. चौकटीच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका. प्रत्येक दोरीला त्या त्या रंगाची चिंधी बांधलेली असायची. तांबडा ठिपका म्हणजे राजवाडा, हिरवा म्हणजे जंगल. नुसतं रिकामं वर्तुळ असलं तर काहीच ओढायचं नाही, दोरी धरून थांबायचं. सदूकाका वही मांडीवर ठेवायचा आणि रंगमंचावर ते चित्र दिसलं रे दिसलं की दोरी सोडायचा. त्याची कधी चूक झाली असं मी ऐकलं नव्हतं.

या वह्यांवर बाबांचं नाव नसे. पडद्यांवरही नसे. इतर पेंटर खालच्या कोपऱ्यात ठळक नाव टाकत, वर गावाचं नाव टाकत, एकाने तर फोटोही चिकटवलेला मी पाहिलाय. बाबांना मी एकदा विचारलं, तुम्ही काहून टाकत नाही? ते म्हणाले, "नाव टाकलं का पाहनारा नाव वाचत बसते. मंग राजवाडा कोन पाहीन?" मला हे तेव्हा इतकं पटलं की मी शाळेच्या चित्रकलेच्या कागदावरही नाव लिहायचं सोडलं, आणि त्यासाठी मार खाल्ला.

भंडाऱ्याच्या कॉलेजात बीए होत असताना एका शिक्षकांनी वर्तमानपत्राचा तुकडा माझ्या हातात ठेवला. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठात चित्रकथा आणि दृश्यसंस्कृती शिकवणार होते. आपला जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला फार दिवस झाले नव्हते, घरात जो तो काय इकडे राहिलं आणि काय तिकडे गेलं यावर बोलत होता, आणि मी सांगत होते की मला कॉमिक्स शिकायला जायचंय. "ते शिकून होते काय?" माय म्हणाली. भावाने विचारलं, "परीक्षेत काय येते, शेवटी चोर कोन निघाला ते?" बाबांनी मात्र जाहिरात दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हनजे चित्र वाचाले शिकवतेत?" मी हाव म्हटलं. ते म्हणाले, "मंग जाय, वनिता. सदूले सांगतो, त्याच्या कामाची पोरगी एक जन निघाली."

तिथे गेल्यावर पहिले सहा महिने मी तोंड उघडलं नाही. सगळं इंग्रजीत. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील वास्तुविशारद, डॉक्टर, एकीचे तर चित्रकारच, ज्यांची प्रदर्शनं परदेशात होत. डब्यात सांबारवडी आणली तर त्यांना वाटे सांबारात बुडवलेली काही वस्तू असेल. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगता सांगता मी दमले आणि डबा खोलीवरच खायला लागले. शिकणं मात्र मला आवडत होतं, मनापासून. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम, त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, फार सुंदर शिकवायच्या. हे आजही मान्य करावं लागतं आणि त्याचाच मला जास्त राग येतो. एक दिवस त्या म्हणाल्या, चित्रकथा चौकटीत घडत नाही, दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत घडते, तिथे वाचणारा स्वतःच्या मनाने काहीतरी करतो. मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा राहवलं नाही. मी उठून म्हणाले की आमच्याकडे त्या रिकाम्या जागेत खराखुरा माणूस उभा असतो, दोरी घेऊन. आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सदूकाकाच्या वह्यांबद्दल सगळं सांगितलं. मॅडम टेबलाला टेकून उभ्या होत्या त्या सरळ झाल्या. "या वह्या काढतं कोण?" त्यांनी विचारलं. मी त्याला काय उत्तर दिलं ते पुढे सांगते. इथे लिहायला हात धजत नाही.

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावून चहा पाजला. पुढे दर आठवड्याला पाजू लागल्या. मला त्यांनी पुस्तकं दिली, माझं इंग्रजी सुधारलं, माझ्या केसांना तेल जास्त आहे असंही एकदा प्रेमाने सांगितलं. त्या म्हणाल्या, याच्यावर निबंध लिही, आणि सुट्टीत गेलीस की वह्या घेऊन ये, आठ दिवसांत प्रती काढून परत देऊ. मी उन्हाळ्यात घरी गेले. बाबांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. सात वह्या होत्या. त्यांनी एकेक पुसली, आणि देताना हातात धरून राहिले.

"याच्या प्रती निघतेत ना? अस्सल कोनी ठेवून घेनार नाही ना?"

"नाही बाबा, मॅडम चांगल्या आहेत."

"चांगल्या असतीन. पन मंडईच्या पहिले वापस आनजो. सदूचं त्याच्याबिगर चालत नाही."

सदूकाका अंगणात बसला होता. तो म्हणाला, "शिकलेले मानसं माह्या वह्या पाहतीन, म्हनजे मी बी शिकलेलाच झालो." आणि हसला. मी त्या वह्या मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेल्या.

आठ दिवसांचा अख्खा पावसाळा झाला. मी विचारायचे आणि मॅडम म्हणायच्या, मशीन बिघडलंय, मुलगा सुट्टीवर आहे, तू काळजी करू नकोस. मी काळजी केली नाही. शेजाऱ्यांच्या फोनवरून बाबांचा फोन यायचा, "वह्या कवा आनतं?" आणि मी सांगायचे, पुढच्या आठवड्यात. दिवाळीला मी रिकाम्या हाताने घरी गेले. बाबांनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी पायऱ्यांवर बसून आठवून आठवून एका नाटकाची वही पुन्हा काढली, दुसऱ्या नाटकाची अर्धी झाली, आणि तेवढ्यात भाऊबीज आली. मी परत विद्यापीठात गेले. चार दिवसांनी मायचा फोन आला. नाटकात बाप मरतो त्या जागी, मुलगी त्याच्या उशाशी बसलेली असताना, सदूकाकाने जंगलाचा पडदा सोडला होता. मेलेला बाप झाडांमागे गेला आणि मुलगी जंगलात बसून रडायला लागली. सगळी मंडई हसली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "दुसऱ्या दिवशी सकायी सदू आला," माय म्हणाली, "दोऱ्या गुंडाळून वट्यावर ठेवल्या अन् गेला. च्यासुद्धा घेतला नाही." त्या जागी जुन्या वहीत रिकामं वर्तुळ होतं, थांबायची खूण. बाबांना ती काढायला वेळ मिळाला नव्हता.

त्यानंतर मी मॅडमच्या मागे हात धुऊन लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, अगं, तुला एक आनंदाची बातमी द्यायची होती. विद्यापीठाच्या दालनात प्रदर्शन लागणार होतं, सोबत जाड कागदाचं पुस्तक. दुपारी उद्घाटन. मी माझी एकुलती एक कोशाची साडी नेसून गेले, बाबांनी विणलेली. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला समोरच्या भिंतीवर ओळखीचा तांब्या दिसला. मग पाटलाची काठी. मग भाऊ. सगळी पानं सुटी केली होती. धागा कापला होता. एकेक पान वेगळ्या चौकटीत, काचेमागे, शिवणीची भोकं लाकडाखाली दडवलेली. आणि क्रम कुणाला ठाऊक असणार. एका नाटकातला खून दुसऱ्या नाटकातल्या लग्नाशेजारी होता. लोक हातात सरबताचे पेले घेऊन त्या ठिपक्यांकडे बघत होते आणि किती आधुनिक आहे असं म्हणत होते. प्रत्येक काचेखाली एकच पाटी: अनामिक कलाकार, पूर्व विदर्भ. पुस्तकावर मॅडमचं नाव होतं, मोठ्या अक्षरात.

मी तशीच मॅडमकडे गेले, लोकांच्या देखत. मी म्हणाले, मॅडम, हे माझ्या वडिलांनी काढलंय. मॅडमचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं, पिशवीतून माझा निबंध काढला. तो त्यांनी सोबत आणला होता, याचा अर्थ त्यांना मी येणार हे माहीत होतं. पहिल्याच पानावर त्यांच्या बोटाखाली माझं वाक्य होतं: "या वह्या त्या भागातल्या एका स्थानिक पेंटरने काढल्या असून त्याचे नाव उपलब्ध नाही."

"हे तू लिहिलंस. वर्गातही तू हेच सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी तुझाच संदर्भ दिलाय. पुस्तकात तुझे आभारही मानलेत."

तर हे माझं उत्तर. त्या दिवशी वर्गात त्यांनी विचारलं होतं, काढतं कोण, आणि सगळ्या मुली माझ्याकडे वळल्या होत्या, आणि मी म्हणाले होते, आमच्याकडचा एक पेंटर. मला लाज वाटली. दुसरं कुठलंही कारण नाही. पुढे वाटलं, निबंधात बाबा म्हणणं बरं दिसत नाही, अभ्यासकाने लांबून बोलावं. ते मी स्वतःला सांगितलेलं कारण. मॅडमनी मला फसवलं, यात मला आजही शंका नाही. वह्यांवर त्यांचा हक्क नव्हता, धागा कापायचा तर मुळीच नव्हता, आणि बाबांचं नाव काय हे विचारायला त्यांना पूर्ण वर्ष होतं. कोणाच्या घरातून सात वह्या अशा येतात हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण फसवणुकीचं दार आतून मीच उघडून ठेवलं होतं. भंडाऱ्याच्या शाळेत गेली कित्येक वर्षं मी चित्रकला शिकवते, पोरांवर खेकसते, आणि वर्गात कोणी दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून दाखवलं तर माझा आवाज बाहेर पितळेच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत जातो. त्या दिवशी मात्र मी हळू आवाजात वह्या तेवढ्या परत मागितल्या. मॅडम म्हणाल्या, आता त्या विद्यापीठाच्या संग्रहात सुरक्षित आहेत. त्या अजून तिथेच आहेत. मध्यंतरी मी पत्र लिहिलं होतं. मालकीचा पुरावा पाठवा, असं उत्तर आलं.

त्या वेळी हातात आलं ते फक्त जाड पुस्तक. ते घेऊन मी घरी गेले. बाबांनी हात धुऊन, पुसून ते मांडीवर घेतलं. पानं उलटली. कपाळाला आठी पडली. "हे कोनं लावलं असं? लगन झाल्यावर मुंडावया कायले बांधून राहिला हा?" मग चित्राखाली छापलेल्या त्याच पाटीच्या ओळीवर बोट ठेवलं, इंग्रजीत होती ती. "हे खाली काय लिवलं?"

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हणाले, "तुमचं नाव आहे, बाबा."

"सगळ्या पानाइले?"

"हाव. सगळ्या."

त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी मिटलं. नाव टाकू नये म्हणणारा माणूस, आणि त्याला इतकं बरं वाटलं. बाजाराच्या दिवशी ते पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेले. मी परत विद्यापीठात गेले, परीक्षा दिली, पदवी घेतली, मॅडमशी पुन्हा बोलले नाही. घरी आले तेव्हा मायने मला विहिरीवर गाठून सांगितलं. बाजारात बाबांनी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या गुरुजींना पुस्तक दाखवलं होतं. गुरुजी साधा माणूस, त्याने सगळं वाचून सांगितलं. अनामिक म्हणजे काय तेही. मागच्या पानावर माझ्या निबंधातलं वाक्य छापलं होतं, ते माझ्या नावासकट वाचून सांगितलं. "घरी आले, पुस्तक पेटीत ठेवलं अन् मागावर बसले," माय म्हणाली. "मी पुसलं तं म्हने, पोरगी मोठी झाली." मला त्यांनी विचारलं नाही. त्या पावसाळ्यात एकदाही नाही. मी माझ्या तोंडाने सांगावं म्हणून दहादा मागाजवळ जाऊन उभी राहिले आणि दहादा मागाचा खाली पडलेला धोटा उचलून देऊन परत आले.

दसरा जवळ आला. घरात सरसाचा वास सुटला, माय मागच्या अंगणात जाऊन बसली. एका सकाळी बाबांनी मला हाक मारली. हातात नवी वही होती, धाग्याने शिवलेली. म्हणाले, "आंबागडले जाय. सदूले हे दाखव अन् म्हन, यंदा दोऱ्या वाट पाहून राहिल्या." मी वही न उघडता पिशवीत टाकली. एसटीने तुमसरला, तिथून दुसऱ्या गाडीने. सदूकाका दारात मोहाच्या फळीवर बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. माझ्याकडे न बघता त्याने वही घेतली आणि अंगठ्याने पहिलं पान उघडलं. त्यावर चौकटी नव्हत्या. चित्र नव्हतं, ठिपका नव्हता. फक्त मोठी, जपून काढलेली अक्षरं, पडद्यावरच्या राजवाड्यासारखी सावली दिलेली.

"हे काय होय?" सदूकाका म्हणाला. "याचा पडदा कोनता?"

"हा पडदा नाही, काका. लिहिलंय."

"मंग वाच ना. मले वाचाले कोठी येते."

मी वाचलं. "वामन पेंटर, मोहाडी. वनिताचा बाप."

सदूकाकाने कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तं साऱ्याइले मालूम हाय," तो म्हणाला. "पुढचं पान दाखव."